किनारा कोणी उघडा ठेवला?

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. खारे पाणी पाहायचे तर येथल्या माणसाला लोणारच्या विवराकाठी जावे लागते, आणि त्या पाण्यात शार्क मासा निघण्याचा संभव नाही. असे असताना अमेरिकेच्या किनाऱ्यावर माणसे खाणाऱ्या एका शार्कच्या चित्रपटाची आठवण या जिल्ह्याच्या संदर्भात काढावी, हे कोणाला विचित्र वाटेल. परंतु 'जॉज' हा चित्रपट केवळ माशाविषयी आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी तो अर्धाच पाहिला असे म्हणावे लागेल. संकट समोर दिसत असताना ते नाहीच असे सांगणारी सत्ता, संकट अंगावर आल्यावर हाती लागेल त्या जनावराला ठार मारणारा जमाव, आणि या दोहोंच्या कात्रीत सापडलेला सामान्य माणूस, ही त्या चित्रपटाची खरी पात्रे आहेत. ज्ञानगंगेच्या जंगलालगत रात्री वावरात ओलित करणाऱ्या शेतकऱ्याला ही तिन्ही पात्रे चांगली परिचयाची आहेत.

२० जून १९७५ रोजी हा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्या गोष्टीला आता पन्नास वर्षे उलटली. पीटर बेंचली यांची मूळ कादंबरी आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाली होती, आणि दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी वयाची तिशीही गाठलेली नव्हती. चित्रीकरणासाठी पंचावन्न दिवस ठरले होते. लागले एकशे एकोणसाठ. कारण असे की, शार्कची जी यांत्रिक प्रतिकृती तयार केली होती ती खाऱ्या पाण्यात उतरताच वारंवार बिघडू लागली. मासा दाखवता येईना, तेव्हा दिग्दर्शकाने तो न दाखवण्याची युक्ती काढली. पाण्याचा पृष्ठभाग, ओढला जाणारा एखादा तराफा आणि जॉन विल्यम्स यांच्या संगीतातील दोन स्वरांची वाढत जाणारी आवर्तने, एवढ्यावर त्याने भय उभे केले. चित्रपट तासाहून अधिक पुढे सरकेपर्यंत शार्क नीट दिसतच नाही. उरलेले काम प्रेक्षकाची कल्पनाशक्ती करते. संकलन, संगीत आणि ध्वनी यांसाठी त्याला ऑस्कर पारितोषिके मिळाली, आणि जगभर त्याच्या नकला निघाल्या. आपल्याकडे १९९६ साली धर्मेंद्र यांची भूमिका असलेला 'आतंक' आला, तो याच वळणाचा.

कथा थोडक्यात अशी. ॲमिटी नावाच्या एका बेटावरील गावाचे सारे अर्थकारण उन्हाळी प्रवाशांवर चालते. हंगामाच्या तोंडावर एका तरुणीचा मृतदेह किनाऱ्याला लागतो. पोलीस प्रमुख ब्रॉडी याला शार्कचा संशय येतो आणि तो किनारा बंद करू पाहतो. परंतु ४ जुलैचा राष्ट्रीय सण जवळ आलेला असतो. नगराध्यक्ष त्याला अडवतो. ज्या वैद्यकीय अधिकाऱ्याने मृत्यूचे कारण शार्क असे सांगितले होते, तोच आपला अभिप्राय फिरवून बोटीच्या पंख्याने अपघात झाला असावा असे म्हणू लागतो. किनारा उघडा राहतो, आणि एक लहान मुलगा बळी पडतो. त्याच्या शोकाकुल आईने बक्षीस जाहीर करताच शेकडो लोक बोटी घेऊन समुद्रात घुसतात आणि एक शार्क मारून आणतात. मासा मेला, गाव निर्धास्त झाले, वर्तमानपत्रासाठी छायाचित्रेही निघाली. फक्त तो मासा दुसराच असतो.

या चित्रपटात सर्वांत अधिक अस्वस्थ करणारे दृश्य कोणते, असे विचारले तर अनेकजण रक्ताने लाल झालेल्या पाण्याचे नाव घेतील. आमच्या मते ते दृश्य जमिनीवरचे आहे. मृत मुलाची आई काळ्या पोशाखात ब्रॉडीसमोर येते आणि त्याच्या थोबाडीत मारते. धोका ठाऊक होता, तरी तुम्ही लोकांना पाण्यात उतरू दिले, हा तिचा आरोप आहे. ती शार्कला दोष देत नाही. मासा मासाच असतो. त्याला हंगाम कळत नाही, सण कळत नाही. ज्यांना कळते त्यांनी काय केले, एवढाच तिचा प्रश्न आहे.

नगराध्यक्षाविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. तो दुष्ट नाही. गावाचे पोट ज्या दोन महिन्यांवर चालते ते बुडू नयेत, ही त्याची चिंता खोटी नाही. त्याची स्वतःची मुलेही त्याच किनाऱ्यावर होती, असे तो अखेरीस कबूल करतो. पण पोटाची चिंता खरी असली म्हणून सत्य दडपण्याचा अधिकार मिळत नाही. पोट आणि प्राण यांपैकी एकच निवडा, असा प्रसंग सामान्य माणसावर येऊ न देणे हेच तर सत्तेचे काम असते.

बदनामीची किंमत

चित्रपटाने सत्तेविषयी जे सांगितले ते प्रेक्षक लवकर विसरले. माशाविषयी जे सांगितले ते मात्र पक्के लक्षात राहिले. शार्क हा सूड उगवणारा, माणसाच्या मागावर असणारा राक्षस आहे, ही समजूत घराघरांत पोचली. अमेरिकेत शार्क मारण्याच्या स्पर्धांना ऊत आला. वस्तुतः साऱ्या जगात शार्कने होऊन केलेल्या हल्ल्यांत दरवर्षी सरासरी पाच-सहा माणसे मरतात. उलट आपल्या एका देशात सर्पदंशाने वर्षाकाठी सरासरी ५८ हजार मृत्यू होतात, असा संशोधकांचा २००० ते २०१९ या काळाचा अंदाज आहे. त्यांतले बहुसंख्य खेड्यांतले असतात. पण पावसाळ्यात बांधावर सर्पदंशाने दगावणाऱ्या शेतमजुरावर कोणी चित्रपट काढत नाही. भयाचे माप मृत्यूच्या संख्येने ठरत नाही. ते कथा सांगणाऱ्याच्या कौशल्याने ठरते.

खुल्या समुद्रातील शार्क व पाकट माशांची संख्या १९७० नंतरच्या पन्नास वर्षांत सुमारे ७१ टक्क्यांनी घटली, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासात आढळले. तिचे मुख्य कारण बेसुमार मासेमारी हे आहे. त्याचा सारा दोष एका चित्रपटावर टाकणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या प्राण्याविषयी कोणाला कणव वाटत नाही त्याच्या बाजूने कोणी बोलतही नाही, हे तितकेच खरे. मूळ कादंबरीकार बेंचली यांना पुढे पश्चात्ताप झाला आणि २००६ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी समुद्रजीवांच्या रक्षणाचा प्रचार केला. स्पीलबर्ग यांनीही २०२२ साली एका मुलाखतीत शार्कच्या संहाराबद्दल खेद बोलून दाखवला.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्याच देशात घडले. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क या प्रचंड पण निरुपद्रवी माशाची कत्तल चालत असे. माइक पांडे यांनी २००० साली त्यावर माहितीपट काढला, आणि दुसऱ्याच वर्षी भारत सरकारने त्या माशाला वन्यजीव कायद्याचे पूर्ण संरक्षण दिले. पुढे तेथील लोकशिक्षणाच्या मोहिमेत त्याला 'व्हाली' म्हणजे लाडकी असे नाव मिळाले, आणि जाळ्यात सापडलेला मासा जाळे कापून सोडणाऱ्या कोळ्याला जाळ्याची भरपाई देण्याची प्रथा पडली. त्या कथेत कोळ्याच्या पोटाचाही विचार होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. म्हणूनच ती टिकली.

ज्ञानगंगेचा पाहुणा

आता आपल्या जंगलाकडे वळू. शार्कच्या या चित्रपटाच्या दोनच वर्षे आधी, १९७३ साली, भारताने व्याघ्रप्रकल्प सुरू केला आणि पहिल्या नऊ क्षेत्रांत आपल्या शेजारच्या मेळघाटाचा समावेश झाला. संग्रामपूर तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत असलेले अंबाबरवा अभयारण्य आज त्याच मेळघाट व्याघ्रप्रकल्पाचा भाग आहे. ज्या देशात वाघाचे भय शतकानुशतके प्रत्यक्ष होते त्या देशाने वाघ वाचवायचे ठरवले. आणि ज्या देशातील बहुसंख्य लोकांनी शार्क कधी पाहिलाही नव्हता तेथे एका यांत्रिक माशाने लोकांना पाण्यात उतरण्याची धास्ती घातली. आपल्याकडचे हे शहाणपण केवळ कायद्याचे नव्हते. व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांनी मराठी वाचकाला जंगलाकडे शिकाऱ्याच्या नव्हे, तर पाहुण्याच्या नजरेने पाहायला शिकवले, त्याचाही त्यात वाटा आहे.

या शहाणपणाची कसोटी २०१९ साली बुलढाणा जिल्ह्यात लागली. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात त्या वर्षी फेब्रुवारीत संशोधकांनी उपग्रहाद्वारे माग देणारा पट्टा बांधला. जूनमध्ये तो वाघ स्वतःसाठी मुलूख शोधायला निघाला. विदर्भ, मराठवाडा आणि तेलंगणातील शेते, ओढे, रस्ते ओलांडत त्याने सुमारे १३०० किलोमीटर अंतर कापले आणि डिसेंबरमध्ये तो ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन स्थिरावला. पुढे येथल्या हिंडण्याची भर पडून त्याचा नोंदलेला प्रवास तीन हजार किलोमीटरांवर गेला. एप्रिल २०२० मध्ये पट्टा उतरवण्यात आला, तोवर 'वॉकर' हे त्याचे नाव जगभर पोचले होते.

या प्रवासाचा मार्ग निर्जन अरण्यातून गेला नव्हता. कपाशीची, तुरीची, सोयाबीनची वावरे, गावकुसाबाहेरचे नाले, महामार्ग यांतून तो गेला. तो दिवसा दडून राहत असे आणि रात्री चालत असे; रानडुकरांवर आणि क्वचित गुरांवर त्याचा निर्वाह चालत असे. या संपूर्ण भटकंतीत माणसाशी त्याची झटापट झाल्याचा जो प्रसंग नोंदला गेला तो हिंगोली जिल्ह्यातला आहे, आणि तोही वाघ ज्या झुडपात विसावला होता त्यात लोक शिरू लागले तेव्हाचा. समुद्रात बोटी घेऊन घुसणारा चित्रपटातला जमाव आणि वाघ पाहण्यासाठी झुडपाभोवती गोळा होणारी आपली गर्दी यांत फरक कितीसा? पूर्वी हातात भाले असत, आता मोबाइल असतात, इतकाच.

वॉकर आला तेव्हा ज्ञानगंगेत दुसरा वाघ नव्हता. त्याच्यासाठी वाघीण आणावी काय, अशी चर्चाही झाली. सुमारे २०५ चौरस किलोमीटरच्या आणि चहूकडून शेतीने वेढलेल्या या अभयारण्यात वाघाचे कुटुंब कितपत मावेल, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. परंतु त्या निमित्ताने एक गोष्ट सिद्ध झाली. माणसांच्या गर्दीतून एवढा मोठा हिंस्र प्राणी महिनोन्‌महिने चालत गेला आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नाही. चित्रपटातल्या शार्कप्रमाणे तो दिसला नाही. पण शार्कप्रमाणे तो माणसाच्या मागावरही नव्हता.

रात्रीची पाळी

मग या भागातील शेतकऱ्याचे भय खोटे आहे काय? मुळीच नाही. ज्ञानगंगेच्या परिसरात वाघापेक्षा अस्वलाचे भय मोठे आहे, आणि ते अनुभवातून आलेले आहे. अस्वलाची नजर अधू असते. वारुळ उकरण्यात किंवा बोरे वेचण्यात ते गढून गेले असले म्हणजे माणूस अगदी जवळ येईतो त्याला चाहूल लागत नाही. मग ते घाबरून अंगावर येते आणि त्याची नखे बहुधा तोंडावर व डोक्यावर बसतात. माणूस हे अस्वलाचे भक्ष्य नव्हे. पण ज्याचा डोळा गेला किंवा जबडा फाटला त्याला या प्राणिशास्त्राने कसले समाधान मिळणार?

खरा प्रश्न निराळा आहे. त्या अंधाऱ्या वेळी तो माणूस तेथे का होता? रात्री बारा वाजता थंडीत हातात बॅटरी घेऊन हरभऱ्याला किंवा गव्हाला पाणी द्यायला कोणी हौसेने जात नाही. तो जातो, कारण शेतीपंपाची वीज पाळीपाळीने मिळते आणि त्याच्या गावाची पाळी रात्रीची असते. तो जातो, कारण रोही आणि रानडुकरे एका रात्रीत उभे पीक भुईसपाट करतात आणि जागल केल्याखेरीज पीक घरात येत नाही. म्हणजे जंगलातले प्राणी ज्या वेळी हिंडायला बाहेर पडतात, नेमक्या त्याच वेळी माणसाला उघड्यावर यावे लागेल, अशी व्यवस्था माणसांनीच केलेली आहे. तिचे वेळापत्रक कागदावर छापलेले असते आणि त्याखाली कोणाची तरी सही असते. ॲमिटीच्या नगराध्यक्षाने किनारा उघडा ठेवला होता. आपण वावर उघडे ठेवले आहे.

शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, हे शासनाला मान्य नाही असे नव्हे. त्यासाठी २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली आणि २०२३ साली तिचा दुसरा टप्पा जाहीर झाला. अनेक ठिकाणी तिची फळेही दिसू लागली आहेत. आमचे म्हणणे एवढेच की, या योजनेत अग्रक्रम कोणाला, हे ठरवताना जमिनीची उपलब्धता आणि उपकेंद्राचे अंतर यांबरोबर जंगलाचे अंतरही मोजले जावे. अभयारण्याच्या सीमेलगतच्या गावांतील कृषिवाहिन्या आधी दिवसाच्या पाळीवर याव्यात. त्या गावांची संख्या फार मोठी नाही. जेथे सौर प्रकल्पाला वेळ लागेल तेथे निदान रब्बीच्या ओलिताच्या महिन्यांत रात्रीची पाळी बदलून द्यावी. यात एकही झाड तोडायचे नाही, एकही प्राणी पकडायचा नाही. फक्त वेळ बदलायची आहे.

दुसरी गोष्ट भरपाईची. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू आल्यास महाराष्ट्रात वारसांना २५ लाख रुपये देण्याचा निर्णय झाला आहे आणि तो योग्यच आहे. परंतु माणूस मेल्यावर मिळणाऱ्या पंचवीस लाखांपेक्षा पीक गेल्यावर वेळेवर मिळणारे काही हजार अधिक जीव वाचवतील. ज्या शेतकऱ्याला खात्री आहे की नुकसानीचा पंचनामा लवकर होईल आणि पैसे पुढच्या पेरणीपूर्वी खात्यात पडतील, तो एखादी रात्र घरी झोपण्याचे धाडस करू शकतो. ज्याला तशी खात्री नाही, तो ताप अंगात असतानाही जागलीला जाणारच.

तिसरी गोष्ट खरे सांगण्याची. वाघ, बिबट्या किंवा अस्वल परिसरात आहे हे कळताच ते गावाला तत्काळ आणि अधिकृतपणे कळले पाहिजे. लोक घाबरतील म्हणून बातमी दाबून ठेवणे हा नेमका नगराध्यक्षाचा मार्ग आहे. बातमी दाबली की अफवा तिची जागा घेते, जुन्या चित्रफिती नव्या म्हणून फिरू लागतात, आणि अफवेच्या पाठोपाठ जमाव येतो. मग जे जनावर पहिल्यांदा दृष्टीस पडते ते अपराधी ठरते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर परिसरात या शतकाच्या आरंभी बिबटे पकडून दुसरीकडे नेऊन सोडण्याचा सपाटा लावला गेला. त्याने माणसांवरील हल्ले कमी न होता वाढले, असे विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसून आले. नेलेले बिबटे मुलूख हरवलेले होते आणि मोकळी झालेली जागा नव्यांनी घेतली. चुकीचा मासा मारून किनारा सुरक्षित होत नाही, हेच त्याचे तात्पर्य.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो ऐकला पाहिजे. शहरात बसून वाघावर प्रेम करणे सोपे असते; त्याची किंमत मात्र खेड्यातला माणूस मोजतो. हा आक्षेप अगदी खरा आहे. पण त्याचा अर्थ वाघ-अस्वले संपवावीत असा होत नाही. रानडुकरांना आणि रोह्यांना आवर घालणारा नैसर्गिक हात वाघाचा आहे. वॉकरचा निर्वाह रानडुकरांवर चालत होता, हे शेतकऱ्याने विसरून चालणार नाही. त्या आक्षेपाचा खरा अर्थ असा की, वाघ साऱ्या राज्याचा असेल तर त्याचा खर्चही साऱ्या राज्याने उचलावा. तो केवळ बोथ्याच्या जंगलाकडेच्या चार एकरवाल्यावर टाकू नये. गुजरातच्या किनाऱ्यावर कोळ्याला जाळ्याचे पैसे मिळाले, तेव्हा त्याने मासा सोडला. हा न्याय समुद्राला लागू पडतो तर कोरडवाहू मुलखाला का पडू नये?

'जॉज'च्या शेवटी शार्क मरतो आणि प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकून उठतात. नगराध्यक्षाचे पुढे काय झाले, हे विचारायचे भान त्यांना उरत नाही. चित्रपटात हे चालून जाते, कारण तेथे दिवे लागले की भय संपते. अभयारण्यालगतच्या गावांत मात्र अजून अनेक ठिकाणी वीज येते तीच मध्यरात्री, आणि ती आली की माणूस उठून अंधारात चालू लागतो. उद्या त्याच्यावर अस्वलाने झडप घातली तर आपण सारे अस्वलाविषयी बोलू. त्याची आई मात्र वेगळा प्रश्न विचारील. तिने तो विचारण्यापूर्वीच त्याचे उत्तर देऊन ठेवणे शासनाच्या हाती आहे.